घडीचा चाकू आणि बिनघडीची पट्टी

प्रयोगाच्या तासाला ऐनवेळी काय होते ते आपल्याला सांगायला नको. रसायनाच्या डब्याचे झाकण घट्ट बसलेले असते, ते चमच्याच्या दांड्याने उचकटावे लागते. विद्युतघटाच्या खोक्याचा स्क्रू सैल होतो, तो नाण्याने आवळावा लागतो. पुठ्ठ्याला भोक पाडायला कंपासपेटीतील कर्कटक कामी येते. तीन कामे आणि तीन उसनी हत्यारे. चमचा वाकतो, नाणे घसरते आणि कर्कटकाचे टोक बोथट होते, तेव्हा मनात येते की ही सारी कामे करणारे एकच हत्यार खिशात असते तर!

असे हत्यार शंभराहून अधिक वर्षांपासून बाजारात आहे. तो म्हणजे लाल मुठीचा स्विस घडीचा चाकू. अलीकडे त्याला एक नवा प्रतिस्पर्धी मिळाला आहे. ही बोटाएवढी लांब, टायटॅनिअमची एकसंध पट्टी असते. तिला ना घडी, ना स्प्रिंग, ना पाते. एका टोकाला उचकटण्यासाठी पाचर, कडेला बाटलीचे बूच काढायची खाच, मध्ये षट्कोनी भोके आणि दुसऱ्या टोकाला किल्ल्यांची कडी. अशी पट्टी पुष्कळदा बारा-पंधरा साधने असलेल्या घडीच्या चाकूपेक्षाही महाग असते. ‘महाग आहे म्हणजे चांगलीच असणार’ असे विद्यार्थी म्हणतील. या म्हणण्याची परीक्षा आठवी-नववीच्या विज्ञानातून घेता येते. ती आपण घेऊ.

घडीचा चाकू कसा जन्मला?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्विस सैन्याने नवी रायफल स्वीकारली. ती उघडायला स्क्रूड्रायव्हर हवा होता. सैनिकांचे जेवण डबाबंद येऊ लागले होते, म्हणून डबा कापायचे साधनही हवे होते. चाकू आणि भोक पाडायची आरी तर हवीच. ही चार साधने एका लाकडी मुठीत बसवलेला चाकू सैन्याने ठरवला. पहिले चाकू जर्मनीतील झोलिंगेन गावाहून आणावे लागले, कारण एवढा मोठा पुरवठा करू शकेल असा कारखाना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. श्वीझ परगण्यातील ईबाख येथे १८८४ साली कार्यशाळा काढणाऱ्या कार्ल एल्सनर या कारागिराने १८९१ मध्ये सैन्याला स्वदेशी चाकू पुरवायला सुरुवात केली.

सैनिकांचा चाकू मजबूत होता, पण जड होता. तो हलका करून त्यात आणखी साधने बसवायची, असे एल्सनरने ठरवले. अडचण जागेची होती. प्रत्येक साधनामागे एक स्प्रिंग लावली तर मूठ जाड होते. त्याने मुठीच्या पाठीच्या बाजूलाही साधने बसवली आणि पोटाकडच्या व पाठीकडच्या साधनांना एकाच स्प्रिंगवर काम करायला लावले. त्यामुळे दोन स्प्रिंगांवर सहा साधने मावली : मोठे पाते, छोटे पाते, डबा कापणी, स्क्रूड्रायव्हर, आरी आणि बूच काढायचे मळसूत्र. १२ जून १८९७ रोजी या ‘ऑफिसर चाकू’ची कायदेशीर नोंदणी झाली. गंमत अशी की सैन्याने तो अधिकृतपणे कधी दिला नाही. अधिकारी तो दुकानातून स्वतःच्या पैशाने घेत. ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे कंपनीचे नाव पुढे एल्सनरच्या आईचे नाव व्हिक्टोरिया आणि गंजरोधक पोलादाचे ‘इनॉक्स’ हे नाव जोडून तयार झाले.

दोन खळगे आणि मधली टेकडी

या चाकूचे मर्म त्याच्या बिजागरीत आहे. पात्याच्या मुळाशी दोन सपाट बाजू असतात आणि त्यांच्यामध्ये गोलसर कोपरा असतो. पाते मिटलेले असताना एक सपाट बाजू स्प्रिंगवर टेकते, पूर्ण उघडल्यावर दुसरी. मधल्या वेळी कोपरा स्प्रिंगला बाहेर ढकलतो. म्हणजे स्प्रिंग वाकते आणि तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. अर्ध्याच्या पुढे गेलो की तीच ऊर्जा पाते पुढे ढकलते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन ते जागेवर बसते.

फळ्यावर याचा आलेख काढून दाखवावा. आडव्या अक्षावर पात्याचा कोन, उभ्या अक्षावर स्प्रिंगमधील ऊर्जा. दोन टोकांना दोन खळगे आणि मध्ये एक टेकडी दिसेल. स्थायी आणि अस्थायी संतुलन शिकवायला याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण.

या बिजागरीमुळे काय साधले? अनेक साधनांना एकच मूठ मिळाली. साधन हवे तेव्हा बाहेर येते आणि बाकीची आत राहून मूठ भरीव करतात. एकसंध पट्टीत हे होऊ शकत नाही. तिथे प्रत्येक साधन हे दुसऱ्या साधनाची मूठही असते. पाचर वापरताना हात बुचाच्या खाचेवर येतो आणि ती बोटाला टोचते.

मुठीचे गणित

समजा, आपण ६० न्यूटन बलाने हत्यार दाबतो आणि तळव्याला टेकणारा भाग ५० मिलिमीटर लांब आहे. पट्टीची जाडी ३ मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटर होते आणि दाब दर चौरस मिलिमीटरला ०.४ न्यूटन. १५ मिलिमीटर जाड मुठीच्या चाकूत क्षेत्रफळ ७५० आणि दाब ०.०८ न्यूटन, म्हणजे पाचवा हिस्सा. पट्टीने जोर लावताना हत्याराआधी हात हार खातो, याचे कारण हेच. बल सारखेच आहे, क्षेत्रफळ बदलले आहे.

आता स्क्रू फिरवून पाहू. पट्टी २० मिलिमीटर रुंद आहे. दोन कडांवर बोटांनी प्रत्येकी २५ न्यूटन बल लावले, तर बलयुग्माचे आघूर्ण २५ × २० = ५०० न्यूटन-मिलिमीटर, म्हणजे अर्धा न्यूटन-मीटर होते. चाकूची मूठ साधारण २५ मिलिमीटर रुंद असते. सरळ धरून फिरवला तर आघूर्ण सव्वापटच वाढेल, विशेष फरक नाही. परंतु स्विस चाकूच्या बूच काढणीच्या टोकाला असलेला मोठा स्क्रूड्रायव्हर अर्धा उघडला की काटकोनात थांबतो. मग सगळी मूठ तरफेसारखी फिरते. स्क्रूपासून ७० मिलिमीटरवर २५ न्यूटन लावले, तर आघूर्ण १.७५ न्यूटन-मीटर. पट्टीच्या साडेतीनपट! बोटांची ताकद तीच, भुजा मात्र लांब झाली.

पट्टीची बाजूही ऐकली पाहिजे. काही पट्ट्यांत पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे षट्कोनी भोक असते. त्यात स्क्रूड्रायव्हरचे सुटे टोक उभे बसवले की पट्टीही आडव्या दांड्यासारखी फिरते आणि भरपूर आघूर्ण देते. मात्र ती सुटी टोके वेगळी बाळगावी लागतात. म्हणजे ‘सारे काही एका तुकड्यात’ हा दावा तिथे सुटतो.

उचकटण्याच्या कामात पट्टी खरोखर सरस आहे. टेकूपासून टोक १० मिलिमीटरवर आणि हात ६० मिलिमीटरवर असेल, तर यांत्रिक फायदा सहा येतो. लांब चाकूत तो याहून जास्त येऊ शकेल, पण चाकूचे पाते उचकटण्यासाठी नसते. पात्याचे टोक मोडते किंवा बिजागरीची खीळ सैल होते. पट्टीत सैल होण्याजोगे काहीच नाही. तिच्यात धूळ, वाळू अडकत नाही, तेलपाणी लागत नाही आणि चुकून मिटून ती बोट कापत नाही. साध्या स्प्रिंगच्या चाकूत हा धोका असतो.

टायटॅनिअम : गुण आणि किंमत

७० × २० × ३ मिलिमीटरच्या पट्टीचे घनफळ ४.२ घन सेंटिमीटर होते. टायटॅनिअमच्या मिश्रधातूची घनता सुमारे ४.४, म्हणून वस्तुमान साडेअठरा ग्रॅम. पोलादाची घनता ७.८ धरली तर तीच पट्टी जवळजवळ ३३ ग्रॅम भरेल. टायटॅनिअम गंजत नाही, घामाने डागाळत नाही. खिशात ठेवायच्या वस्तूला हे मोठेच गुण आहेत. पण याच तराजूवर दुसऱ्या पारड्यात स्विस चाकूचा सर्वांत छोटा प्रकार ठेवून पाहावा. ५८ मिलिमीटर लांबीच्या त्या चाकूचे वस्तुमान सुमारे २१ ग्रॅम असते आणि त्यात पाते, कात्री, कानस, चिमटा व दातकोरणे मावते. हलकेपणाची शर्यत पट्टीने अडीच ग्रॅमनेच जिंकली!

कठीणपणाचा हिशेब तर उलटाच आहे. रॉकवेल मापनश्रेणीत स्विस चाकूचे पाते ५६, स्क्रूड्रायव्हर ५२ आणि स्प्रिंग ४९ भरते. स्प्रिंग मुद्दाम कमी कठीण ठेवतात. तिला हजारो वेळा वाकायचे असते आणि फार कठीण पोलाद ठिसूळ होते. प्रत्येक भागाला त्याच्या कामाप्रमाणे पाणी देता येते, हा वेगवेगळे भाग असण्याचा फायदा. नेहमीच्या वापरातील टायटॅनिअमचा मिश्रधातू सुमारे ३६ भरतो. त्याची धार लवकर जाते आणि कठीण स्क्रूवर टोकाचे कोपरे झिजून गोल होतात. सारी पट्टी एकाच धातूची असल्याने टोक कठीण आणि दांडा लवचीक अशी वाटणीही सहज करता येत नाही.

मग किंमत एवढी का? टायटॅनिअम दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे त्याचे खनिज आहे. पण या धातूची ऑक्सिजनशी मैत्री फार घट्ट. लोखंडाप्रमाणे कोळशाने त्याची सुटका होत नाही. आधी क्लोरिनशी संयोग घडवून टायटॅनिअम टेट्राक्लोराइड करायचे, मग हवा काढून टाकलेल्या भांड्यात तापवून मॅग्नेशिअमने क्लोरिन काढून घ्यायचा, अशी ही लांबलचक प्रक्रिया आहे. पुढे धातू कापतानाही त्रास असतो. टायटॅनिअम उष्णतेचा मंद वाहक असल्याने उष्णता कापणाऱ्या हत्याराच्या टोकापाशीच साठते आणि हत्यार लवकर झिजते. शिवाय अशा पट्ट्या लहान कार्यशाळांत थोड्या संख्येने बनतात. हा सगळा खर्च किमतीत येतो. ती किंमत धातूची आणि मेहनतीची आहे. तिच्यामुळे पट्टीची भुजा एका मिलिमीटरनेही लांब होत नाही.

एकसंध म्हणजे वाईट का?

मुळीच नाही. आपल्या घरातील विळी पाहा. तिच्या टोकाला खवणी असते. एकही भाग न हलवता भाजी चिरता येते आणि नारळही खवता येतो. ती यशस्वी आहे, कारण तिला मूठच लागत नाही. खालचा पाट पायाने दाबून धरतात, शरीराचे वजन तिला स्थिर करते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आधार मोठा असला की एकसंध हत्यार उत्तम चालते. पट्टीत नेमका तोच आधार खिशात मावण्यासाठी छाटलेला आहे.

स्विस चाकूही परिपूर्ण नाही. १९७५ साली टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण जुन्या मोटारीतून युरोपात हिंडत होता. मोटार वरचेवर बिघडे आणि खिशातील चाकूने काम भागेना, कारण त्यात पक्कड नव्हती. पकडीला दोन लांब भुजा लागतात. घडीच्या दांड्यांची पक्कड बनवून त्याने ती १९८३ मध्ये बाजारात आणली. आणखी एक मर्यादा पात्याची. २००१ सालच्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर विमानात चाकू नेण्यास बंदी आली आणि स्विस चाकूंचा खप घसरला. २०२४ मध्ये खुद्द व्हिक्टोरिनॉक्सने पाते नसलेली साधने तयार करत असल्याचे सांगितले. बिनपात्याच्या पट्टीची बाजू इथे बळकट ठरते. अर्थात, काय नेऊ द्यायचे हे तिथला सुरक्षा कर्मचारी ठरवतो.

वर्गात करून पाहा

महागडी पट्टी किंवा स्विस चाकू यांपैकी काहीही विकत न घेता ही तुलना करता येईल. साहित्य : झाकणाचा डबा, जाड नाणे, चमचा, गोल मुठीचा स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी आणि स्क्रू घट्ट बसवलेली लाकडी फळी.

१. डब्याचे झाकण आधी नाण्याने, मग चमच्याच्या दांड्याने उघडा. टेकूपासून दोन्ही बाजूंची अंतरे मोजून यांत्रिक फायदा काढा.

२. स्क्रू नाण्याने आणि नंतर स्क्रूड्रायव्हरने सोडवा. नाण्याचा व्यास आणि मुठीचा व्यास यांचे गुणोत्तर काढा. नाण्याच्या कडेचा बोटावर उमटलेला वळ पाहा आणि दाबाचा विचार करा.

३. प्रत्येक गटाने आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत महिनाभर कोणती कामे निघाली याची यादी करावी. प्रत्येक कामापुढे पट्टी, घडीचा चाकू आणि स्वतंत्र हत्यार यांना शून्य ते तीन गुण द्यावेत. गुण देताना कारण लिहिणे सक्तीचे.

तिसरी कृती सर्वांत महत्त्वाची, कारण ‘कोणते हत्यार चांगले’ या प्रश्नाला ‘कोणत्या कामासाठी’ हे कळल्याशिवाय उत्तर नाही. आमच्या हिशेबाने उचकटणे, बूच काढणे आणि किल्ल्यांबरोबर विनातक्रार पडून राहणे या तीन कामांत पट्टी चाकूशी बरोबरी करते. कापणे, भोक पाडणे आणि स्क्रू फिरवणे यांत ती मागे पडते, आणि ही उणीव महागड्या धातूने भरून येत नाही. शाळेच्या कपाटासाठी खरेदी करायची असेल, तर मात्र दोन्ही बाजूला ठेवावीत. तेवढ्याच पैशात दोन स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, एक कानस आणि एक कात्री मिळण्यासारखी असते, आणि एकाच वेळी पाच मुलांच्या हातात पाच हत्यारे देता येतात.