११६ पेक्षा मोठ्या ९६ धावा

तेलगाव : ६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. बेनोनी येथे १९ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिका ७ बाद २४४, भारत ८ बाद २४८. भारताने सामना २ गडी आणि ७ चेंडू राखून जिंकला. त्या २४८ पैकी ९६ धावा बीडच्या सचिन धसच्या होत्या, म्हणजे ३८.७ टक्के.

त्याआधी चार दिवस, २ फेब्रुवारीला, त्याने ब्लूमफाँटेन येथे नेपाळविरुद्ध ११६ धावा केल्या होत्या. शतक म्हणून बीड-परळी रस्त्यावरच्या गावांत ११६ ची चर्चा जास्त झाली. आकडे मात्र ९६ च्या बाजूने आहेत.

वजाबाकी करून पाहू. नेपाळविरुद्ध भारताच्या ५ बाद २९७ धावा झाल्या आणि नेपाळचा डाव ९ बाद १६५ वर थांबला. विजय १३२ धावांनी. त्यातून ११६ पूर्ण वजा केल्या तरी भारत १६ धावांनी पुढे राहतो. उपांत्य सामन्यात दोन्ही धावसंख्यांतला फरक ४ धावांचा. तिथे ९६ मधून ५ धावा वजा केल्या की भारत मागे पडतो. शतकाने विजय मोठा केला. ९६ धावांशिवाय विजयच नव्हता.

आता पूर्ण स्पर्धा. सात सामन्यांत धसच्या धावा अशा : बांगलादेशविरुद्ध नाबाद २६, आयर्लंडविरुद्ध नाबाद २१, अमेरिकेविरुद्ध २०, न्यूझीलंडविरुद्ध १५, नेपाळविरुद्ध ११६, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ आणि अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९. बेरीज ३०३, सरासरी ६०.६०. भारताकडून त्याच्यापेक्षा जास्त धावा दोघांच्याच : कर्णधार उदय सहारन ३९७, मुशीर खान ३६०. सरासरीत मात्र धस दोघांच्याही पुढे आहे, सहारनची ५६.७१, मुशीरची ६०. धसच्या सरासरीला दोन नाबाद डावांचा आधार आहे, हेही नोंदवायला हवे.

६०.६० या सरासरीमागे दोन वेगळी कामे दडली आहेत. पहिल्या चार सामन्यांत भारताच्या ११७३ धावांमध्ये धसचा वाटा ८२, म्हणजे ७ टक्के. तेव्हा तो शेवटच्या षटकांत येत होता. पहिल्या दोन सामन्यांत त्याने २९ चेंडूंत ४७ धावा केल्या आणि तो बाद झाला नाही. पुढच्या दोन सामन्यांत भारताच्या ५४५ धावांपैकी २१२ त्याच्या, म्हणजे ३८.९ टक्के. खेळाडू तोच होता, फक्त फलंदाजीला येण्याची वेळ बदलली. नेपाळविरुद्ध तो आला तेव्हा धावफलक ३ बाद ६२ होता. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४ बाद ३२. त्याच्या एकूण धावांपैकी ७० टक्के या दोन डावांतल्या आहेत.

दोन्ही वेळी समोर सहारन होता. नेपाळविरुद्ध दोघांची भागीदारी २१५ धावांची, आफ्रिकेविरुद्ध १७१ ची. बेरीज ३८६. म्हणजे दोन सामन्यांतल्या भारताच्या ७०.८ टक्के धावा याच जोडीच्या भागीदारीत आल्या. उपांत्य सामन्यात ही भागीदारी बाजूला काढली तर बाकी सगळ्या डावात मिळून ७७ धावा उरतात : आधी ३२, नंतर ४५.

दोघांची गती सारखी नव्हती. उपांत्य सामन्यात सहारनने १२४ चेंडूंत ८१ धावा केल्या, १०० चेंडूंमागे ६५. धसने ९५ चेंडूंत ९६ केल्या, १०० चेंडूंमागे १०१. धसही सहारनच्या गतीने खेळला असता तर ९५ चेंडूंत ६२ धावा झाल्या असत्या, म्हणजे ३४ कमी. सामना संपला तेव्हा शिल्लक होते ७ चेंडू. सहारनने एक टोक धरले म्हणून सामना जिवंत राहिला. धसने चेंडू वाचवले म्हणून तो ५० षटकांत संपला. एकाचे काम सांगून दुसऱ्याचे वगळता येत नाही.

काही आकडे वेगळे नोंदवण्यासारखे आहेत. धसच्या दोन्ही मोठ्या डावांत चौकार ११ च आहेत. षटकार नेपाळविरुद्ध ३, आफ्रिकेविरुद्ध १. त्यामुळे ११६ मधल्या ५४ धावा पळून काढलेल्या आहेत आणि ९६ मधल्या ४६. आयर्लंड आणि अमेरिका या दोघांविरुद्ध भारताच्या विजयाचे अंतर एकच होते, २०१ धावा. पहिल्या पाचही सामन्यांत भारताने आधी फलंदाजी केली आणि सरासरी २९४ धावा उभारल्या. धावांचा पाठलाग करण्याची वेळ प्रथम उपांत्य सामन्यात आली.

दुसरी वेळ रविवारी, ११ फेब्रुवारीला, अंतिम सामन्यात आली. ऑस्ट्रेलिया ७ बाद २५३, भारत सर्वबाद १७४, पराभव ७९ धावांनी. आधीच्या दोन सामन्यांत मिळून ३९३ धावा करणाऱ्या सहारन-धस जोडीच्या या सामन्यात १७ धावा झाल्या : सहारन ८, धस ९. २०२२ च्या अंतिम सामन्यात भारतापुढे १९० चे लक्ष्य होते आणि विजय ४ गडी राखून मिळाला होता. या वेळी लक्ष्य ६४ धावांनी मोठे होते. पण १७४ धावा २०२२ च्या लक्ष्यालाही १६ ने कमी पडल्या असत्या. म्हणून पराभवाचे कारण लक्ष्याच्या आकारापेक्षा फलंदाजीत शोधावे लागते.

एका खेळाडूवरून जिल्ह्याचा कल ठरत नाही. मराठवाड्याची नोंद मात्र आता एका नावापुरती राहिलेली नाही. जालन्याचा विजय झोल २०१२ च्या विजेत्या १९ वर्षांखालील संघात होता आणि २०१४ मध्ये कर्णधार होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विजेत्या संघात होता. २०२४ मध्ये बीडचा धस. १२ कसोटी आणि १५ एकदिवसीय सामने खेळलेल्या संजय बांगरचा जन्मही बीडचा, पण त्याचे देशांतर्गत क्रिकेट रेल्वेकडून झाले.

वरचा सगळा हिशेब करता आला, कारण प्रत्येक चेंडूची नोंद झाली होती. आपल्याकडच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत फलकावर धावा, गडी आणि षटके येतात. कोण कोणत्या धावसंख्येवर आला आणि त्याने किती चेंडू घेतले, हे बहुधा कागदावर येत नाही. ४ बाद ३२ वर येऊन संघ सावरणारा मुलगा तेलगाव, धारूर किंवा माजलगावच्या मैदानावरही असू शकतो. स्पर्धा भरवणाऱ्यांनी बक्षिसांच्या यादीआधी एक स्कोअरबुक घ्यावे आणि ते चेंडूगणिक भरावे.