मेध्य वनस्पती

मेध्य वनस्पती : मेधा म्हणजे विषय ग्रहण करून तो धारण करण्याची बुद्धीची शक्ती. ती टिकविणाऱ्या वा वाढविणाऱ्या वनस्पतींना आयुर्वेदात ‘मेध्य’ ही संज्ञा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायन प्रकरणात, अशी चार द्रव्ये सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, मूळ व फुले यांसह गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यांत शंखपुष्पी श्रेष्ठ मानली आहे. ब्राह्मी या चारांत नाही. तिचा रस वेखंड, कोष्ठ व शंखपुष्पी यांसह जुन्या तुपात सिद्ध करून अपस्मारावर देण्यास सांगितले आहे. आज मात्र स्मृतिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, सरबते व तेले यांपैकी पुष्कळशी ब्राह्मीच्या नावावर खपतात. म्हणूनच ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा प्रश्न येथे केवळ पंडिती राहत नाही.

एका नावाखाली दोन वनस्पती वावरतात. नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी (लॅ. बॅकोपा मोनिएरी) ही पाणथळ जागी पसरत वाढणारी, मांसल खोडाची लहान ओषधी आहे. पाने समोरासमोर, बिनदेठाची, चमच्यासारखी; फुले एकाकी, फिकट निळी वा पांढरी असतात. पूर्वी तिचा समावेश स्क्रोफ्यूलॅरिएसी कुलात करीत. आता तो प्लँटॅजिनेसी कुलात करतात. मंडूकपर्णी अथवा कारिवणा (लॅ. सेंटेला एशियाटिका, कुल – एपिएसी) हिची पाने मूत्रपिंडाच्या आकाराची, दातेरी व लांब देठाची असून पेऱ्यांना मुळे फुटतात. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी हिलाच ब्राह्मी म्हणतात. ताजे पान पाहिले तर लहान मुलालाही फरक कळेल; वाळवून कुटलेल्या चूर्णात मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने ब्राह्मी हे नाव बॅकोपाला व मंडूकपर्णी हे सेंटेलाला दिले आहे. बोलीतील नावे अर्थातच कोशाच्या आज्ञेने बदलत नाहीत.

अहमदनगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) या वनस्पतींचे अधिवास जवळजवळ आढळू शकतात. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो; अकोले तालुक्याचा सह्याद्रीतील पट्टा मात्र अतिपावसाचा आहे. पहिल्यासारखी कोरडी माळराने विष्णुक्रांतेस (लॅ. इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस) मानवतात, आणि हीच पुष्कळदा शंखपुष्पी म्हणून गोळा केली जाते, औषधिकोशातील शंखपुष्पी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रजातीची आहे, तर दक्षिणेत गोकर्णीलाही ते नाव आहे. कारिवण्याला ओलसर सावली लागते, तर नीरब्राह्मीला कालव्याचा किंवा ओढ्याचा काठ. नगर येथे 1917 मध्ये आयुर्वेद महाविद्यालय सुरू करणारे वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी ‘औषधी गुणधर्म शास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. शिक्षणाला औषधिनिर्मितीची जोडही त्यांनी दिली. जेथे वैद्य स्वतः द्रव्य पारखून घेई तेथे नावाचा घोळ निभावून जाई. कारखान्यात मणांनी येणाऱ्या मालाला ती सोय नाही.

नीरब्राह्मीतील बॅकोसाइडे ही सॅपोनिन वर्गातील द्रव्ये लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील रसायनज्ञांनी 1960 नंतरच्या दशकात वेगळी केली. ज्याला ‘बॅकोसाइड ए’ म्हणत, ते अनेक सॅपोनिनांचे मिश्रण असल्याचे पुढे दिसून आले. ऑस्ट्रेलियात 40 ते 65 वर्षांच्या 76 प्रौढांवर केलेल्या चाचणीत (2002) नवी माहिती विसरण्याचा वेग घटलेला आढळला. शिकण्याचा वेग मात्र वाढला नव्हता. नऊ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास (2014) अवधानाच्या वेगात काही सुधारणा दाखवितो. अशा चाचण्यांत साधारणतः प्रतिदिनी 300 मिग्रॅ. प्रमाणित अर्क सुमारे 12 आठवडे देण्यात आला. परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात मुलाला दिलेल्या चमचाभर सरबताला या आधारे काही सिद्ध करता येत नाही. कारिवण्याविषयीच्या 2017 च्या एकत्रित अभ्यासात तर बोधनक्षमतेवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. म्हणजे चूर्णाच्या डबीत कोणते पान आहे यावर परिणामाची अपेक्षाच बदलते. स्मृतिभ्रंशाचा रोग यांपैकी कोणत्याही वनस्पतीने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

मळमळ, पोटात कळ व शौचास अधिक वेळा होणे हे नीरब्राह्मीचे नेहमीचे उपद्रव होत. ती पाण्यातील शिसे व कॅडमियम शोषून साठविते, म्हणून गावाच्या सांडपाण्याच्या नाल्यावरची वनस्पती खाण्यास घेणे धोक्याचे आहे. बाळगुटीत उगाळल्या जाणाऱ्या वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य प्राण्यांत कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. भारतात मेध्य वनस्पती आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जातात, तसेच 2016 च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार पोषक पूरक म्हणूनही. दोन्ही प्रकारांत वेष्टनावरील लॅटिन नाव, वापरलेला भाग व अर्काचे प्रमाण पाहूनच ती घ्यावीत. फिट्स, निद्रा वा थायरॉइड यांवरील औषधे चालू असल्यास वैद्यांस तसे आधी सांगावे.