भैरवीचा बिलावल होऊ नये म्हणून : संगणकावर स्वरलिपी जतन करताना

आळंद तालुक्यातील एका भजनी मंडळाच्या जुन्या चाली उतरवून घेण्याचे काम आमच्या एका विद्यार्थिनीने हाती घेतले होते. हे मंडळ मराठी अभंगही म्हणते आणि कानडी पदेही. शेवटची चाल अर्थातच भैरवीतली. तिने ती घरच्या संगणकावर भातखंडे पद्धतीने टंकित केली, फोनवरून पाठवली आणि बाजारातल्या दुकानात छापून घेतली. कागद समोर ठेवून पेटीवाल्या मुलाने स्वर धरले, तसे मंडळातले वयस्क बुवा म्हणाले, "ही चाल आमची नव्हं."

बुवांचे बरोबर होते. रे, ग, ध, नि या चारही स्वरांखालच्या आडव्या रेषा वाटेत गळाल्या होत्या. रेषा गेल्या म्हणजे कोमल स्वर शुद्ध झाले, आणि भैरवीचा बिलावल झाला. कागदावर अक्षर मात्र एकही चुकलेले नव्हते.

फाइल उघडत नाही, हा दोष लगेच कळतो. फाइल उघडते, पण तिच्यात आपण लिहिले ते राहिलेले नसते, हा दोष कळायला बुवांसारखा कान लागतो. आपल्या सीमाभागात ही गोष्ट किरकोळ नाही. अभंगांचे शब्द गाथेत सुरक्षित आहेत. त्यांच्या गावोगावच्या चाली मोजक्या गळ्यांत आहेत. माणिकनगरच्या माणिकप्रभूंची (१८१७–१८६५) मराठी, हिंदी, कानडी पदे गाण्यासाठीच रचलेली आहेत. अशा रचनांचा अभ्यास करणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्यालाही आज ना उद्या स्वरलिपीची फाइल हाताळावी लागते. म्हणून या दोषांची कारणे आणि उपाय क्रमाने पाहू.

खुणा का गळतात?

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेषा, तीव्र मध्यमावर उभी रेषा, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब असते. टंकलेखन करताना आपण कोमल स्वरासाठी बहुधा ‘अधोरेखित’ची कळ दाबतो. ही रेषा अक्षराचा भाग नसते. ती अक्षरावर चढवलेली सजावट असते. मजकूर साध्या स्वरूपात जतन केला किंवा निरोपाच्या ॲपमध्ये चिकटवला की सजावट मागे राहते आणि नुसते अक्षर पुढे जाते. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

यावर उपाय आहे. युनिकोडच्या देवनागरी संचात वैदिक स्वरांच्या खुणा आहेत. अनुदात्ताची खूण अक्षराखाली आडवी रेषा देते : रे॒, ग॒, ध॒, नि॒. उदात्ताची खूण वर उभी रेषा देते : म॑. या खुणा मजकुराचाच भाग असल्यामुळे नक्कल करताना अक्षराबरोबर जातात. मंद्राच्या टिंबासाठी नुक्ता आणि तारस्वरासाठी अनुस्वार वापरता येतो. काही फाँटमध्ये खूण थोडी सरकलेली दिसते. पण फाइलमध्ये ती शाबूत असते, फाँट बदलला की जागेवर येते.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटची गोष्ट वेगळी. त्या फाइलमध्ये ‘ग’ हे अक्षर नसतेच. रोमन लिपीतल्या एखाद्या अक्षराचा क्रमांक असतो आणि फाँट त्याला ‘ग’चे रूप देतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हे दिसतात. अशी फाइल पुसू नये. योग्य परिवर्तक मिळाला तर ती युनिकोडमध्ये आणता येते. याउलट, साधा मजकूर जतन करताना ‘यूटीएफ-८’ऐवजी जुने संकेतन निवडले गेले आणि सगळीकडे प्रश्नचिन्हे आली, तर त्या फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हे जतन झालेली असतात. त्यातून मूळ मजकूर परत येत नाही.

आणखी एक सावधगिरी. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या (१८७२–१९३१) पद्धतीत स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते. भातखंडे पद्धतीत तेच टिंब तार सप्तक दाखवते. म्हणून फाइलच्या पहिल्याच ओळीत पद्धतीचे नाव आणि खुणांचा अर्थ लिहावा.

फाइल रिकामी का होते?

म्यूझस्कोरसारख्या पाश्चात्य स्वरलेखनाच्या प्रणालीत अडचणी वेगळ्या असतात. तिथे कोमल गंधार हा वेगळा स्वर म्हणूनच नोंदला जातो, त्यामुळे रेषा गळण्याचा प्रश्न नाही. पण ‘एमएससीझेड’ प्रकारची ही फाइल म्हणजे एक आवळलेले गाठोडे असते. स्वरांचा मजकूर, मांडणी, चित्रे हे सारे त्यात बांधलेले. गाठ पूर्ण बसण्याआधी वीज गेली किंवा पेनड्राइव्ह तसाच ओढून काढला, तर फाइल अर्धवट किंवा शून्य आकाराची उरू शकते. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, हे वेगळे सांगायला नको.

अशा वेळी पहिला नियम : बिघडलेल्या फाइलवर पुन्हा ‘सेव्ह’ करू नये. आधी तिची नक्कल काढावी आणि आकार पाहावा. आकार शून्य नसेल, तर नकलेच्या नावातले शेवटचे ‘एमएससीझेड’ काढून तिथे ‘झिप’ लिहावे आणि ती सोडवून पाहावी. आतली ‘एमएससीएक्स’ फाइल धड असेल तर रचना हाती लागते. म्यूझस्कोरची चौथी आवृत्ती मूळ फाइलच्या शेजारी ‘एमएससीबॅकअप’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये आधीची प्रत ठेवते, तेही तपासावे.

फाइल मुळीच जतन होत नसेल तर आधी तिचे नाव पाहावे. ‘भैरवी/केरवा’ असे वहीत लिहिण्याची आपली सवय. पण विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा तारांकन चालत नाही. ‘भैरवी-केरवा’ चालते. फोल्डर क्लाउडशी जोडलेला असेल, तर प्रणाली लिहीत असतानाच दुसरीकडे प्रत चढवणे सुरू होऊन फाइल अडकू शकते. काम संगणकावरच्या साध्या फोल्डरमध्ये करावे आणि फाइल बंद केल्यावर क्लाउडवर प्रत ठेवावी.

प्रणालीच बंद पडली तर?

म्यूझस्कोरच्या चौथ्या आवृत्तीतली फाइल तिसरीत उघडत नाही. त्याहून मोठा धडा फिनाले या नामांकित प्रणालीने दिला. सुमारे ३५ वर्षांनंतर तिचा विकास थांबवत असल्याचे कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले, आणि जगभरच्या संगीतकारांना आपल्या फाइली दुसऱ्या स्वरूपात न्याव्या लागल्या. त्यासाठी उपयोगी पडते ते ‘म्यूझिकएक्सएमएल’ हे सामायिक स्वरूप. मायकेल गुड यांनी तयार केलेल्या या स्वरूपाची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. पानाची मांडणी त्यात तंतोतंत येईलच असे नाही. पण स्वर, लय आणि शब्द एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात.

तेव्हा प्रत्येक रचनेच्या चार प्रती ठेवाव्यात : प्रणालीची मूळ फाइल, म्यूझिकएक्सएमएल, पीडीएफ आणि छापील कागद. हाताने टंकित केलेल्या देवनागरी स्वरलिपीसाठी म्यूझिकएक्सएमएलच्या जागी युनिकोड मजकूर ठेवावा. सोबत गाणाऱ्याच्या परवानगीने केलेले ध्वनिमुद्रण हवेच, कारण मींड आणि कणस्वर कोणत्याच लिपीत पुरते उतरत नाहीत. मग फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून, मुद्रणाशी ताडून, वाजवून पाहावी. केवळ डोळ्यांनी तपासणे पुरत नाही.

आमच्या विद्यार्थिनीजवळ सुदैवाने फोनवरचे ध्वनिमुद्रण होते. त्यावरून तिने चारही कोमल स्वर पुन्हा लावले आणि नवा कागद घेऊन ती मंडळात गेली. पेटी वाजू लागली तेव्हा बुवा काही बोलले नाहीत. त्यांनी टाळ उचलले. तो कागद आता मंडळाच्या पेटीच्या खणात आहे.