लोडिंगचे सेकंद जातात कुठे?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेली असली, तर तोच गेम कुठे लवकर लोड होतो हे घड्याळ लावून बघता येते. मात्र पहिल्याच आकड्यावर विसंबले की फसगत ठरलेली. गेम बंद केला तरी त्याच्या फायली रॅममध्ये राहतात आणि दुसऱ्या खेपेला डिस्कला फारसे कामच उरत नाही. म्हणून प्रत्येक मोजणीआधी ही कॅशे रिकामी करायची. लिनक्सवर रूट होऊन ‘सिंक’ ही आज्ञा द्यायची, मग ‘ड्रॉप कॅशेस’ या सिस्टिम फाइलीत ३ हा आकडा लिहायचा. विंडोजवर सरळ रीस्टार्ट करावे आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शांत दिसेपर्यंत थांबावे. नुसते ‘शट डाउन’ इथे पुरत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते.

निव्वळ डिस्क तपासायला विंडोजवाले बहुधा क्रिस्टलडिस्कमार्क वापरतात, लिनक्सवाले एफआयओ. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही, कारण ब्लॉकचा आकार आणि एका वेळी केलेल्या मागण्यांची संख्या वेगळी असू शकते. जेन्स आक्सबो यांचे एफआयओ विंडोजवरही चालते. तेच दोन्हीकडे, त्याच मापांनी आणि कॅशे टाळून चालवावे. पीसीआयई ३.० ची चांगली एनव्हीएमई एसएसडी सलग वाचनात सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइट देते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास. पण ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे एकेक करून मागितले, तर तीच एनव्हीएमई पन्नास-साठ मेगाबाइटवर येते. जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो.

प्रत्यक्ष गेमसाठी फायनल फँटसी १४ चा मोफत बेंचमार्क सोयीचा. तो प्रत्येक दृश्याच्या लोडिंगचे सेकंद स्वतःच सांगतो. लिनक्सवर तो प्रोटॉनमधून, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून, चालवावा लागतो. तिथली पहिली खेप सोडून द्यावी, कारण तेव्हा शेडर तयार होत असतात.

एवढे करूनही साटा आणि एनव्हीएमईमधला फरक अनेक गेममध्ये थोड्याच सेकंदांचा निघतो. बराचसा वेळ दाबून भरलेला डेटा उलगडण्यात, म्हणजे प्रोसेसरवर जातो. जीटीए ऑनलाइनचे प्रकरण तर याहून टोकाचे. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने दाखवून दिले, की सुमारे १० मेगाबाइटची एक जेसन फाइल अडाणीपणे वाचण्यात मिनिटे वाया जात होती. त्याच्या दुरुस्तीने लोडिंग जवळपास ७० टक्क्यांनी घटले. कोणतीही एसएसडी हे करू शकली नसती.

प्रणालींमधला खरा फरक छोट्या फायलींच्या ढिगात दिसतो. विंडोजवर डिफेंडर फाइल उघडताना ती तपासतो. हजारो सुट्या फायलींच्या गेमला हे जाणवते, मोजक्या मोठ्या फायलींच्या गेमला फारसे नाही. लिनक्सवर गेम एक्स्ट४ वर ठेवला आहे की विंडोजच्याच एनटीएफएस विभाजनावर, हेही नोंदवावे. जुना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर कर्नलबाहेर चालतो, तर २०२१ च्या ५.१५ आवृत्तीपासून कर्नलमध्येच एनटीएफएस३ आहे. ड्रायव्हर बदलला की आकडेही बदलू शकतात.