सोलापूरच्या थंडीत गच्चीवरची भाजी: कुंडी कोणती घ्यावी आणि रोपं खरंच थंडीने मरतात का?

सोलापूर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ४० अंशांच्या पुढे जाणारं ऊन. पण गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांना विचारलं, तर अनेकांची तक्रार वेगळीच असते. दिवाळीनंतर लावलेली मिरची वाढतच नाही, टोमॅटोची फुलं गळतात, वांग्याची पानं पिवळी पडतात. मग निष्कर्ष निघतो, "थंडीने गेलं." रोप उपटलं जातं आणि कुंडी कोपऱ्यात जाते.

पण सोलापूरची थंडी रोपं मारण्याइतकी कडक असते का? आणि यात कुंडीचा काय दोष? समजून घेऊया.

सोलापूरची थंडी नेमकी किती?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठतात, निफाडला पारा घसरला की द्राक्ष बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. सोलापुरात असं चित्र सहसा दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथलं किमान तापमान बहुतेक रात्री १३ ते १७ अंशांच्या दरम्यान राहतं. काही रात्री ते १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जातं. दुपारी मात्र पारा पुन्हा ३० अंशांच्या जवळ असतो.

म्हणजे इथला प्रश्न बर्फाचा नाही, तर दिवस आणि रात्र यांच्यातल्या मोठ्या फरकाचा आहे. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली गच्ची रात्री आपली उष्णता वेगाने सोडून देते. जमिनीतल्या रोपाच्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते. कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी गार हवा लागते. म्हणून शेतात जे पीक मजेत उभं असतं, तेच गच्चीवर मलूल दिसतं.

मोठी कुंडी का टिकते?

८ इंच रुंद आणि ८ इंच खोल कुंडीत साधारण साडेसहा लिटर माती मावते. १२ इंच रुंद आणि तितक्याच खोल कुंडीत सुमारे २२ लिटर. माप दीडपट झालं, पण माती तिपटीहून जास्त झाली. जिथून उष्णता बाहेर जाते तो पृष्ठभाग मात्र सव्वादोन पटच वाढला. त्यामुळे मोठी कुंडी सावकाश गार होते आणि सावकाश तापते. पहाटेच्या गारव्यात आणि एप्रिलच्या उन्हातही हाच गुण कामाला येतो.

पिकानुसार साधारण माप असं ठेवावं:

- मेथी, कोथिंबीर, पालक: ६ इंच खोली पुरते, रुंदी जितकी जास्त तितकी चांगली
- मुळा: ८ ते १० इंच
- मिरची: १० इंच, किमान १० लिटर माती
- गाजर, घेवडा: १० ते १२ इंच
- टोमॅटो, वांगी: १२ इंच, सुमारे २० लिटर माती

कोणत्या कुंडीचं काय?

मातीची कुंडी: हिच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि बाहेर त्याची वाफ होते. माठातलं पाणी गार होतं, त्याच न्यायाने या कुंडीतली मातीही गार राहते. उन्हाळ्यात ते वरदान, पण डिसेंबरच्या रात्री ओली मातीची कुंडी आणखी गार पडते. पालेभाज्यांना ते चालतं. मिरची-वांग्याला मात्र अशी कुंडी दिली तर पाणी सकाळीच द्यावं, म्हणजे रात्रीपर्यंत भिंती सुकतात. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरल्यास या कुंडीवर पांढरा थर येतो, तो अधूनमधून घासून काढावा.

काळी प्लॅस्टिक कुंडी किंवा ग्रो बॅग: ऊन शोषून लवकर तापते, म्हणून थंडीत मुळांना ऊब मिळते. पण पाणी भिंतीतून जात नसल्याने तळाची छिद्रं मोकळी असणं अत्यावश्यक. मार्चपासून हीच कुंडी मुळं भाजू शकते. तेव्हा बाहेरून चुना लावावा किंवा ती सावलीत हलवावी.

रंगाची रिकामी बादली: २० लिटरची बादली टोमॅटोसाठी नेमक्या मापाची. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचीच घ्यावी, खरवडून स्वच्छ धुवावी आणि तळाला बोटभर रुंद अशी पाच-सहा छिद्रं पाडावीत. कीटकनाशक किंवा इतर रसायनांचे डबे मात्र कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नयेत.

पत्र्याचा तेलाचा डबा: स्वस्त, पण पत्रा झटकन तापतो आणि झटकन गार होतो. शिवाय गंजतो. वापरायचाच असेल तर आतून गोणपाटाचं अस्तर द्यावं आणि त्यात कोथिंबीर-मेथीच घ्यावी.

थर्माकोलची पेटी: उष्णता अडवण्यात हिच्याइतकं स्वस्त काही नाही. थंडीत रोपवाटिकेसाठी उत्तम. उन्हात कालांतराने ठिसूळ होते, म्हणून वजनदार पिकांसाठी नको.

काळी माती जशीच्या तशी नको

सोलापूर जिल्ह्याची काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणूनच इथे रब्बीची ज्वारी थंडीत उभी राहते. पण हीच माती नुसती कुंडीत भरली की पाणी दिल्यावर चिकट गोळा होते आणि वाळल्यावर भेगाळते. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा, असं मिश्रण करावं. रसवंतीवरची उसाची चिपाडंही चालतात, मात्र आधी पूर्ण कुजवून. ताजी चिपाडं मुंग्या बोलावतात आणि कुजताना मातीतला नत्र खेचून घेतात.

मिश्रण हलकं ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे वजन. २० लिटरची बादली नुसत्या काळ्या मातीने भरून पाणी दिलं, तर ती ३० किलोच्या पुढे जाते. अशा वीस बादल्या म्हणजे सहा क्विंटलहून अधिक भार. त्यामुळे जड कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा तुळई आहे तिथे ठेवाव्यात. घर जुनं असेल किंवा धाब्याचं असेल, तर आधी जाणकाराला दाखवून घ्यावं.

मग रोप मरतं कशाने?

बहुतेक वेळा जास्त पाण्याने. थंडीत रोपाची वाढ मंदावते, पाण्याची गरज कमी होते आणि मातीतून बाष्पीभवनही कमी होतं. पण सवय उन्हाळ्याचीच राहते आणि रोज मगभर पाणी पडतं. गार, चिखलट मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात. पानं पिवळी पडतात. ते पाहून "सुकतंय" असं वाटतं आणि आणखी पाणी दिलं जातं.

ओळखायचं कसं? बोट दोन इंच मातीत घालून पाहावं. माती ओली असूनही पानं मलूल असतील, तर पाणी थांबवावं. कोरडी असेल तरच द्यावं, तेही सकाळी ऊन आल्यावर. शहराला उजनीचं पाणी मिळतं आणि अनेक भागांत ते काही दिवसांआड येतं. त्या हिशेबाने पाहिलं तर थंडी हाच सोलापूरच्या गच्चीचा खरा हंगाम आहे, कारण कमी पाण्यात जास्त भाजी याच दिवसांत निघते.

काय लावावं, काय नाही?

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर आणि मटार यांना गारवा मानवतो. भेंडी, गवार, दोडका यांची वाढ थंडीत रखडते. टोमॅटोचं बी २५ अंशांना सुमारे सहा दिवसांत उगवतं. १५ अंशांना त्याला दोन आठवडे लागतात, आणि १० अंशांना महिन्याहून अधिक. म्हणून टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं सप्टेंबरमध्येच तयार करावीत. रात्रीचा पारा १२-१३ अंशांखाली राहिला तर टोमॅटोचं परागीकरण नीट होत नाही आणि फुलं गळतात. अशा वेळी झाड उपटू नये. रात्री उबदार झाल्या की पुढची फुलं धरतात.

भोगीच्या भाजीत घरचं गाजर हवं असेल, तर बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवं.

गारठ्याच्या रात्रींसाठी

- जागा: डिसेंबरच्या शेवटी सोलापुरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तीन फूट उंच दक्षिण कठड्याची सावली तेव्हा अडीच फुटांहून जास्त पडते. म्हणून कुंड्या उत्तरेच्या कठड्यालगत ठेवाव्यात. तिथे ऊन पूर्ण मिळतं, उत्तरेचा वारा अडतो आणि तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते.
- दाटी: संध्याकाळी कुंड्या एकमेकींना चिकटवाव्यात, लहान रोपं मध्ये ठेवावीत. खाली विटा किंवा लाकडी फळी द्यावी.
- आच्छादन: मातीवर उसाचं पाचट किंवा कडब्याची कुट्टी दोन इंच पसरावी.
- पांघरूण: पारा १० अंशांकडे निघाला की चार काठ्या रोवून त्यावर जुनी सोलापुरी चादर टाकावी. ती पानांना टेकू देऊ नये आणि सकाळी ऊन येताच काढावी.
- खत आणि कीड: कडक थंडीत खताचा मारा नको. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारावं. त्या रात्री फार गारठा असेल तर फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर करावी.

गड्ड्याची यात्रा सरली की थंडी ओसरू लागते आणि फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागतं. तेव्हा आच्छादन तसंच ठेवावं, काळ्या कुंड्यांना चुना लावावा आणि पाणी पुन्हा वाढवावं. आणि थंडीत रखडलेली ती मिरची उपटली नसेल, तर तिला नवी पालवी फुटते ती याच दिवसांत.