ट्रॅक्टर बंद पडतो पेरणीत, पण चूक झालेली असते डिझेल भरताना

मृगाचा पाऊस झाला, रानाला वापसा आला आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर गचके देत बंद पडला, हा अनुभव अनेक शेतकऱ्यांना नवा नाही. बॅटरी चांगली, टाकीत डिझेल आहे, सेल्फही फिरतो. पण इंजिन काही धरत नाही. मिस्त्री येतो, फिल्टर खोलतो आणि तळाचा काळा गाळ व पाण्याचे थेंब दाखवतो. तेवढ्यावर निभावलं तर नशीब. कचरा पंपापर्यंत गेला असेल, तर पंप आणि नोझल उतरवून दुरुस्तीला न्यावे लागतात. पैसे जातातच, पण वापसा मोडला तर ते नुकसान भरून निघत नाही. ऐन पेरणीत भाड्याचा ट्रॅक्टरही वेळेवर मिळत नाही.

एवढ्याशा धुळीनं काय होतं?

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून तापवली जाते आणि तिच्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला जातो. त्यासाठी दाब तयार करणाऱ्या पंपात प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट जेमतेम २ ते ४ मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. रानातली धूळ हाताला पिठासारखी मऊ लागते, पण तिच्यात बारीक वाळूचे कण असतात. ते या फटीत गेले की पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. फट वाढते, दाब कमी होतो आणि नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडू लागते. मग काळा धूर, सकाळी स्टार्टिंगचा त्रास, ओढ कमी आणि डिझेल जास्त, अशी तक्रार सुरू होते.

पाण्याचा त्रास वेगळाच. प्लंजर आणि नोझलच्या सुईला वंगण मिळतं ते डिझेलचंच. तिथं पाणी पोचलं की वंगण तुटतं आणि गंज चढतो.

घाण शिरते ती बहुतेक भरतानाच

टाकी, नळ्या आणि फिल्टर हे सगळं बंद असतं. घाणीला मोठी वाट मिळते ती टाकीचं झाकण उघडल्यावर. खाद्यतेलाचा किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन पाण्यानं विसळून त्यातच डिझेल आणलं जातं. नरसाळं वर्षभर शेडमध्ये धूळ खात टांगलेलं असतं. चाळणी अडते म्हणून काढून टाकतात आणि त्याऐवजी जुनं फडकं लावतात. त्या फडक्याचे तंतूच पुढे फिल्टरमध्ये अडकतात.

झाकण हरवलं की प्लॅस्टिकची पिशवी बांधायची सवयही वाईट. बऱ्याच ट्रॅक्टरच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. ती वाट बंद झाली की टाकीत ओढ तयार होते, डिझेल नीट पुढे जात नाही आणि चालता चालता इंजिन दम सोडतं.

यावर उपाय साधे आहेत. डिझेलसाठी एकच कोरडा, घट्ट झाकणाचा कॅन ठेवावा. त्यात दुसरं काही भरू नये. जस्त चढवलेल्या पत्र्याचं भांडं वापरू नये, कारण डिझेलची जस्तावर प्रक्रिया होऊन चिकट गाळ तयार होतो. नरसाळ्याला बारीक जाळी असावी आणि ते पिशवीत झाकून ठेवावं. झाकण उघडण्याआधी टाकीच्या तोंडाभोवतीची माती पुसून घ्यावी.

बॅरलमध्ये साठा असेल तर तो सावलीत, छपराखाली ठेवावा. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचलं, तर ते बुचातून हळूहळू आत ओढलं जातं. नवं डिझेल ओतल्यावर किमान २४ तास स्थिर राहू द्यावं. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यानं गाळाबरोबर तळाला बसतं. म्हणून तळातलं चार बोटं डिझेल टाकीत घेऊ नये.

टाकी संध्याकाळी भरा

अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली, की आतली दमट हवा गार होऊन पत्र्याला दव धरतं आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हे जास्त होतं. म्हणून दिवसाचं काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. रात्रीत खाली बसलेलं पाणी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, फिल्टरखालच्या वाटीचा स्क्रू सैल करून सोडून द्यावं. स्वच्छ डिझेल येऊ लागलं की स्क्रू आवळावा.

फिल्टर बदलताना

फिल्टर किती तासांनी बदलायचा, हे ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेलं असतं. मीटरचे तास बघून तो बदलावा. कागदी फिल्टर धुऊन परत बसवू नये. धुताना कागद फाटतो आणि पुढची वाट घाणीला मोकळी होते. खोलण्याआधी बाहेरचा भाग पुसावा, वॉशर नवा टाकावा. नव्या फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल वरून ओतू नये. त्याऐवजी हवा काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारावा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळावा. चालत्या इंजिनाच्या नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. त्या दाबानं डिझेल कातडीखाली घुसतं आणि जखम गंभीर होते.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे ट्रेम-४ नियम लागू आहेत. यातल्या अनेकांत कॉमन रेल पद्धत असते आणि दाब १,००० बारच्याही वर जातो. अशा ट्रॅक्टरला घाण आणखी कमी सोसते. त्याच्या प्रेशरच्या नळ्या घरी खोलू नयेत.

घाण किंवा पाणी टाकीत गेल्याची शंका आली, तर सेल्फ मारत बसू नये. प्रत्येक सेल्फबरोबर ती घाण पंपाकडे सरकते. आधी टाकी रिकामी करावी, फिल्टर बदलावा, हवा काढावी आणि मगच चावी फिरवावी.