कुत्रा म्हातारा होऊ द्या

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी आहे. एका बाजूला १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या नव्या जिल्ह्याचं मुख्यालय, दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागली आणि या पट्ट्यात भाताच्या खाचरांना खेटून इमारती उभ्या राहत गेल्या. कुत्रा पाळण्याच्या दोन रीतीही इथे शेजारीशेजारी आल्या. पाड्यावरचा गावठी कुत्रा घराचा असतो आणि गावाचाही. त्याला उरलंसुरलं मिळतं, तो पडवीत निजतो आणि दिवसभर हवा तिकडे हिंडतो. इमारतीतला लॅब्राडोर, पग किंवा हस्की विकत आणलेला असतो, बंद दाराआड वाढतो आणि दिवसातून दोनदा पट्ट्याने खाली उतरतो. पहिल्याचा मालक म्हणतो, याला लागतंय काय. दुसऱ्याचा म्हणतो, आम्ही याला काही कमी पडू देत नाही. गोचीड, विषाणू आणि पावसात साचलेलं पाणी मात्र असा भेद पाळत नाही. चांगलं पाळणं कशाला म्हणायचं, याचं एक माप दोन्ही घरांना लावता येईल: आणलेला कुत्रा त्याच घरात म्हातारा होतो का? कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचं. ते पुरं झालं तर कुत्र्याचं भलं होतं हे कुणीही सांगेल. त्यात साऱ्या वस्तीचं भलं असतं, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

ते कळायला रेबीजचा हिशेब पाहावा लागतो. भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसं रेबीजने मरतात, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरचा अलीकडचा अंदाज आहे. जुने अंदाज याहून बरेच मोठे होते. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून जवळपास कुणीही वाचत नाही आणि माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच होतो. तरीही कुत्र्यांमध्ये हा रोग वाटतो तितक्या वेगाने पसरत नाही. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच तो देतो, म्हणजे एका वेळी निम्म्या कुत्र्यांना लस टोचलेली असली तरी साखळी तुटायला हवी. मग जागतिक आरोग्य संघटना सत्तर टक्के का सांगते? कारण कुत्र्यांची वस्ती स्थिर नसते. लस टोचलेले कुत्रे गाडीखाली येतात, आजाराने मरतात, कुणी त्यांना लांब नेऊन सोडतं, आणि त्यांच्या जागी लस न टोचलेली पिल्लं येतात. गळक्या पिंपात पाणी भरावं तसं हे काम आहे. आज सत्तर टक्के भरलं तर पुढच्या वर्षीची मोहीम येईतो ते गरजेच्या रेषेवर कसंबसं टिकतं. गळती जितकी कमी, तितकी प्रत्येक लस जास्त काळ कामी येते. म्हणून वेळेवर लस घेत दहा वर्षं जगलेला एक कुत्रा हा वस्तीभोवतीच्या कुंपणाचा पक्का खांब असतो. त्याच दहा वर्षांत एकामागून एक आणलेली आणि गमावलेली चार पिल्लं म्हणजे त्या कुंपणाला चारदा पडलेलं भगदाड.

हे गणित कागदावरच राहिलेलं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देण्यापर्यंत मजल मारली, सत्तर टक्क्यांचा पल्ला गाठला आणि वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत माहिती पोहोचवली. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि त्या कालावधीच्या अखेरीस माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. २०२१ साली गोव्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केलं. पथकं रस्त्यावरच्या कुत्र्यांमागे जाळी घेऊन धावली, तशीच घरोघरीही गेली. पाळलेला कुत्रा मालकाच्या हाती सहज येतो, त्यामुळे सत्तरातला सर्वांत सोपा वाटा त्याचा असतो. तोच लशीविना राहिला तर बाकीचा आकडा गाठणं कठीण.

आता ही गळती होते कुठे, ते एकेक करून पाहू. पहिली आणि मोठी गळती पिल्लाच्या पहिल्या चार महिन्यांत होते, आणि तिचं मुख्य कारण पार्व्हो. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतो, म्हणून एक पिल्लू गेल्यावर त्याच अंगणात लगेच दुसरं आणलं की तेही जातं आणि दोष नशिबाला लागतो. ‘एक लस दिली होती, तरी गेलं’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचं कारण आईच्या दुधात आहे. चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला सांभाळते, तशी ती लशीलाही निष्प्रभ करते. ती कुठल्या पिल्लात सातव्या आठवड्याला ओसरते, कुठल्यात चौदाव्या, हे वरून ओळखता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत जायचं असतं. शेवटचा डोस चुकला तर आधीचे सगळे वाया गेलेले असू शकतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर, मग वर्षाने आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या नेमाने. सोबत जंताचं औषध. या चार महिन्यांत पिल्लू चावलं किंवा नखाने रक्त आलं, तर ‘घरचंच आहे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, तिच्यावर हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं.

दुसरी गळती या किनारपट्टीच्या हवेतली. गोचीड-ताप इथल्या कुत्र्यांचा नेहमीचा वैरी. कुत्रा जेवण सोडतो, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. हा रोग देणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा कुत्र्याचं रक्त पिते आणि प्रत्येक वेळी खाली उतरून भिंतीच्या फटीत, लाद्यांच्या सांध्यांत, पायपुसण्याखाली कात टाकते, शेवटी अंडी घालते. एक मादी काही हजार अंडी घालते. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकी घरात दडलेल्या. कुत्र्याला औषध आणि घराला सफाई, दोन्ही एकदम झाली तरच उपयोग. गुरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने मिसळून कुत्र्याला आंघोळ घालणं, रॉकेल किंवा फिनेल चोळणं यातून विषबाधा होते. तापावर घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणंही तसंच घातक. रक्त तपासून दिलेला प्रतिजैविकाचा कोर्स सहसा चार आठवड्यांचा असतो. कुत्रा चौथ्या दिवशी उड्या मारू लागला म्हणून तो थांबवला की ताप पुन्हा उलटतो. पावसाळ्यात खाचरांतून आणि तुंबलेल्या गटारांतून लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा रोग कुत्र्याकडून माणसालाही होतो, म्हणून त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांतल्या दमट उकाड्याचं गणित आणखी वेगळं. कुत्रा घामाने निवत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं पाणी वाफेत घालवतो, आणि हवाच ओली असली की ती वाफ नीट होत नाही. बर्फात स्लेज ओढण्यासाठी घडलेला हस्की किंवा चपट्या नाकाचा पग इथे आणताना हे आधी ठाऊक हवं. जात निवडण्याची वेळ ही उपचाराची पहिली वेळ असते.

तिसरी गळती आजाराची नाही, वागण्याची आहे. भुंकतो, चावतो, चपला फाडतो, घरात घाण करतो या कारणांनी धडधाकट कुत्रे दुसऱ्याच्या गळ्यात मारले जातात किंवा रस्त्यावर सोडले जातात. म्हणून शिकवणं हा हौसेचा भाग मानता येत नाही, तो आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांपैकीच एक आहे. अमेरिकेतले स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ साली दाखवून दिलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते पुढे त्याला परकं वाटत नाही. रेल्वेचा आवाज, रिक्षा, छत्री, शाळेची पोरं, बैल, रेनकोट घातलेला माणूस या साऱ्यांची ओळख याच दिवसांत व्हावी. लसीकरण पुरं झालेलं नसताना पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन हे करता येतं. ‘मार बसल्याशिवाय शिकत नाही’ हा आपल्याकडचा पक्का समज, आणि ‘आपण टोळीचे म्होरके व्हायचं’ हा त्याचा आधुनिक अवतार. या म्होरक्याच्या कल्पनेचा उगम कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणात होता. डेव्हिड मीच या संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर नेली आणि रानातल्या लांडग्यांची टोळी म्हणजे आई-बाप आणि पोरं असं कुटुंब असतं, हे पाहून त्यांनीच १९९९ साली ती खोडून काढली. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. धाक आणि शिक्षेवर चालणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची चिन्हं आणि ताणाचं संप्रेरक, दोन्ही जास्त आढळली. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग तो सूचना न देता चावतो. त्यापेक्षा हवं ते केलं की तत्क्षणी खाऊ, नको ते केलं की लक्ष काढून घेणं, आणि घरातल्या सगळ्यांचे शब्द व नियम सारखे असणं, हे हळू दिसलं तरी टिकाऊ ठरतं.

चौथी गळती नको असलेल्या पिल्लांची. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. मोकळी फिरणारी असेल तर त्या पिल्लांतली बरीचशी कुणाचीच नसतात. ‘नसबंदी निसर्गाविरुद्ध आहे, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ असं म्हटलं जातं. एकदा विण्याने कुत्रीच्या आरोग्याला काही लाभ होतो याला आधार नाही. उलट नसबंदीने गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो आणि ती लवकर झाली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही घटतो. शस्त्रक्रियेचं वय जातीनुसार बदलतं आणि मोठ्या चणीच्या कुत्र्यांत थोडं थांबावं लागतं, हे खरं. चावरेपणा तिने हमखास जातो असंही नाही. पण या मर्यादा वेळ कोणती निवडायची एवढंच ठरवतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनिर्मूलन आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे.

या सगळ्याला तीन आक्षेप घेतले जातात. पहिला: खरा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा, पाळणाऱ्यांना उपदेश कशाला? पण भटक्यांच्या संख्येत कुणीतरी सोडलेल्या कुत्र्यांची आणि सोडलेल्या कुत्रीला झालेल्या पिल्लांची भर पडत राहते. भटक्यांच्या नसबंदीचा आणि लशीचा भार स्थानिक संस्थांनी उचलायलाच हवा, त्यातली त्यांची चालढकल खपवून घेता येत नाही. मात्र नळ चालू ठेवून त्यांच्याकडून फरशी कोरडी मागणं रास्त नाही. दुसरा आक्षेप खेड्याचा: कुत्रा मोकळाच बरा, बांधला की बिघडतो. यातलं अर्धं खरं आहे. सतत साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हा स्वतंत्र गुन्हाच मानला आहे. त्याचा पहिला दंड दहा ते पन्नास रुपये हा भाग केविलवाणा, पण तत्त्व नेमकं आहे. मात्र साखळीला पर्याय बेवारस मोकळीक हा नव्हे. कुंपणाचं अंगण, लांब दोर, सकाळ-संध्याकाळ माणसाबरोबर फेरी ही मधली वाट पाड्यावरही जमते. निष्काळजीपणामुळे आपल्या जनावरापासून माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे परवडायचं कुणाला? रोजंदारीवर जाणाऱ्या घराला खासगी दवाखान्याचं बिल झेपत नाही, आणि सरकारी डॉक्टर हा लोकांच्या मनात गुरांचा डॉक्टर असतो. पण खर्च दोन जातींचा असतो. रेबीजची लस, जंताची गोळी, गोचीड वेचणं, भात-अंडं-मासळीचं बिनकांद्याचं जेवण हा अगोदरचा खर्च थोडा आणि ठरलेला असतो. पार्व्होचं सलाईन किंवा गोचीड-तापातलं रक्त चढवणं हा नंतरचा खर्च मोठा आणि अवेळी येणारा. गरिबाला न परवडणारा खर्च हा दुसरा. म्हणूनच पहिल्यात सामुदायिक वाटा हवा. महानगरांत कुत्र्याच्या परवान्याची व्यवस्था असते. उमरोळीसारख्या ग्रामपंचायतीच्या, अर्धं गाव आणि अर्धं शहर झालेल्या ठिकाणी गावाची जुनी ओळख सुटलेली आणि शहराची यंत्रणा अजून न आलेली असते. ही फट भरायला नवा कायदा लागत नाही. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आणि चारच दिवसांनी, २ ऑक्टोबरला ग्रामसभा. त्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने पाड्यापाड्यावर आणि सोसायट्यांमध्ये लसीचं शिबिर घ्यावं, प्रत्येक घराच्या कुत्र्याचं वय, लस आणि नसबंदी एका वहीत लिहावी आणि ती यादी ग्रामसभेत वाचावी. पुढच्या वर्षी त्याच वहीत वयाचा रकाना पाहिला की गाव कसं पाळतं आहे ते कळेल. तेच कुत्रे एकेक वर्षाने मोठे झालेले दिसले तर काम बरोबर चाललंय. दर वर्षी नवी पिल्लंच लिहावी लागत असतील, तर चूक कुत्र्यांची नाही.